हॅट्रिक खेळणारे (किंवा खेळून सोडलेले) कोणी आहे का इथे? टीम बंद करावी म्हणतोय

बाकावरचा_खेळाडू

मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितोच. हॅट्रिक नावाचा एक ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेम आहे, स्वीडनमध्ये ३० ऑगस्ट १९९७ ला ब्यर्न होल्मेर नावाच्या माणसाने सुरू केला, तो अजून चालू आहे आणि २००६ पासून त्यात माझी एक टीम आहे. म्हणजे लग्नाच्याही आधीपासून. त्या वेळी हिंजवडीत नोकरीला होतो, ऑफिसात गेमच्या सगळ्या साइट बंद, पण ही साइट उघडायची कारण तिच्यात गेमसारखं दिसणारं काही नव्हतंच. नुसती टेबलं आणि आकडे. मागून मॅनेजर गेला तरी त्याला वाटायचं पोरगा एक्सेलवर काम करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आठ टीमची एक सिरीज, सीझन १६ आठवड्यांचा, त्यात १४ लीग मॅच, वीकेंडला एक आणि आठवड्याच्या मध्ये कप नाहीतर फ्रेंडली. तुम्ही फक्त ट्रेनिंग ठरवायचं, खेळाडू घ्यायचे-विकायचे, लाइनअप लावायची. मॅच चालू झाली की काही करता येत नाही, सबस्टिट्यूटसुद्धा आधीच लिहून द्यायचे, मग ९० मिनिटं एकेक ओळ येत राहते आणि आपण ती वाचायची. चित्र नाही, आवाज नाही.

परवा मुलगा (वय १२, फोनवर ते चकाचक फुटबॉल खेळतो) मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला बाबा, यात खेळाडू कुठेयत. मी म्हटलं ही काय नावं आहेत ना. तर म्हणे ही तर मार्कशीट आहे.

आता खरं सांगतो, माझ्या सिरीजमध्ये सध्या आठपैकी पाच बॉट आहेत. म्हणजे मालक लॉगिन करायचा बंद झाला की टीम कॉम्प्युटर चालवतो, तसल्या. ५-० जिंकतो आणि कोणाला सांगावं असं कोणी नसतं. गेल्या सीझनला चॅम्पियन झालो आणि अभिनंदनाचा एकही मेसेज नाही. बंद करू का? की कोणी आहे अजून?

उत्तरध्रुव

आहे! मी आहे! गोथेनबर्गला असतो, नऊ वर्षं झाली इकडे येऊन, पण हॅट्रिक त्याच्या कितीतरी आधी, औरंगाबादला कॉलेजात असताना सायबर कॅफेत सुरू केलं. वीस रुपये तास. अर्ध्या तासात लाइनअप, ट्रेनिंग, आणि उरलेला अर्धा तास गप्पा वाचायच्या.

बंद करू नका हो. बॉट सगळीकडेच वाढलेत, फक्त आपल्याकडे नाही. एके काळी, २००९ च्या आसपास, जगभरात नऊ लाखांच्या वर लोक खेळत होते, आता त्यातला एक तुकडा उरलाय. पण जे उरलेत ते हलत नाहीत. इकडे ऑफिसात एक पन्नाशीचा माणूस आहे, गप्प स्वभावाचा, तीन वर्षं आम्ही फक्त हवामानावर बोलायचो. एक दिवस लंचला त्याच्या फोनवर हॅट्रिकचं हिरवं पान दिसलं. त्या दिवशी आम्ही दीड तास बोललो, कॉफी गार झाली.

धूमकेतू_७

म्हणजे आकडे बघायचे, आठवडाभर वाट बघायची, आणि मग ओळी वाचायच्या? २००६ पासून?? रिकामटेकडेपणाचं ऑलिंपिक असतं तर तुम्हाला मेडल होतं राव.

बाकावरचा_खेळाडू

@धूमकेतू, मेडल नको, अभिनंदनाचा एक मेसेज चालेल. :)

नाना_हडपसर

धूमकेतूराव, आमची पिढी आठवडाभर वाट बघून रविवारी रेडिओवर कॉमेंट्री ऐकायची, तेव्हा आम्हाला कोणी रिकामटेकडे म्हटलं नाही. (म्हटलं असेल, ऐकू आलं नाही.)

मी खेळलो नाही पण माझा धाकटा भाऊ हे खेळायचा. त्याचा एक किस्सा सांगतो. रात्री पावणेतीनला त्याच्या खोलीत अलार्म वाजला. आमच्या आई घाबरून उठल्या, एवढ्या रात्री अलार्म म्हणजे काय समजायचं. हा पठ्ठ्या अंधारात कॉम्प्युटरसमोर बसून पुटपुटतोय "देणार नाही, देणार नाही." आईंना वाटलं पोराला काहीतरी झालं. विचारलं तर म्हणे पोर्तुगालचा माणूस बोली वाढवतोय.

उत्तरध्रुव

हाहाहा नाना, हे शंभर टक्के खरं असणार. ट्रान्सफर मार्केट म्हणजे लिलाव. तीन दिवस खेळाडू यादीवर, आणि शेवटच्या तीन मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ परत तीन मिनिटं पुढे जाते. म्हणजे शेवटच्या सेकंदाला झडप घालायची सोय नाही, समोरासमोर बसून दमवायचं. आता युरोपातला माणूस त्याच्या सोयीने रात्री दहाला लिलाव संपेल असं ठेवतो, आणि आपल्याकडे तेव्हा दीड नाहीतर अडीच वाजलेले असतात, त्यांच्याकडे उन्हाळा आहे की हिवाळा त्यावर. मला स्वीडनच्या घड्याळाचा फरक इथे यायच्या दहा वर्षं आधीपासून पाठ होता.

कोल्लापुरी_ठसका

आयला, हॅट्रिक! काय आठवण काढली भावा!!

आमची टीम होती, २००७ ते २०१२. नावात तालीम होतं. एका स्वीडिश मॅनेजरने विचारलं होतं की तालीम म्हणजे काय, तर त्याला मी बसून दोन पानं मेल लिहिली की बाबा कोल्हापुरात तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा, आणि त्याच तालमीची फुटबॉल टीम असती, पेठेची टीम, आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ मॅच असली की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसती. त्याला पटेना. म्हणे कुस्तीवाले फुटबॉल का खेळतात. म्हटलं तू ये, दाखवतो. तो आला नाही पण पुढच्या सीझनपास्नं दरवर्षी आमच्याशी एक फ्रेंडली लावायचा, आणि रिझल्ट आला की खाली लिहायचा "तालीम".

मी सोडलं कारण लग्न, मग दुकान. टीम कधीच बॉट झाली असणार.

तनुजा_ग

मी खेळत नव्हते, नवरा खेळायचा, मी शेजारी बसून हसायचे. मला आवडायचं ते यातलं शब्दांचं प्रकरण. खेळाडूच्या प्रत्येक कौशल्याला आकडा नसतो, शब्द असतो, म्हणजे 'पासेबल', 'सॉलिड', 'एक्सलंट' असं करत करत शेवटी 'डिव्हाइन'. आणि खालच्या बाजूला 'रेचेड', 'डिझास्ट्रस'. शून्याला तर 'नॉन-एक्झिस्टंट'. एखाद्या बिचाऱ्या पोराचं डिफेंडिंग 'अस्तित्वातच नाही' असं जगभर जाहीर करायचं म्हणजे काय.

हे सगळं पन्नासच्या आसपास भाषांत आहे आणि भाषांतर तिथले खेळाडूच करतात, फुकट. मी पोटापाण्यासाठी भाषांतर करते म्हणून मला याचं फार अप्रूप. मराठीत करायचं झालं तर काय करू याचा मी आणि नवऱ्याने एकदा पुणे-कोल्हापूर एसटीत बसून पूर्ण तक्ता केला होता, तो कागद हरवला.

बाकावरचा_खेळाडू

तनुजाताई कागद हरवला तर हरवला, परत करूया की. शून्य ते वीस.

तनुजा_ग

चला. शून्य : पत्ताच नाही. एक : सत्यानाश. दोन, रेचेड : दळभद्री. यावर चर्चा नको, हा शब्द त्यासाठीच जन्माला आलाय. तीन : यथातथा. चार : लेचापेचा. पाचला आमचं भांडण झालं होतं, इनॅडिक्वेट, नवरा म्हणाला अपुरा, मी म्हटलं अपुरा म्हणजे पगार, खेळाडू 'कमी पडतो'. सहा : चालेल.

नाना_हडपसर

सहा 'चालेल' आणि सात 'चालतंय की'.

कोल्लापुरी_ठसका

सात 'भक्कम'. आठ 'उत्तम' ठेवा. पण नऊ फॉर्मिडेबल म्हणजे 'नाद खुळा', हे बदलायचं नाही, नाहीतर मी धागा सोडून चाललो.

उत्तरध्रुव

मंजूर. पण वरचे कठीण आहेत. पंधरा टायटॅनिक आहे, तो आपल्याकडे वाचला की माणसाला वाटणार बुडणार हा. सोळा एक्स्ट्रा-टेरेस्ट्रियल म्हणजे परग्रहावरचा. सतरा मिथिकल म्हणजे 'पुराणातला'. आणि एकोणीस युटोपियन?

तनुजा_ग

एकोणीसला आमचं एकमत होतं. रामराज्य. "गोलकीपिंग : रामराज्य."

धूमकेतू_७

बरं मान्य, हे आवडलं. पण मला सांगा, एवढा वेळ तुम्ही गेमबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. अलार्म, तालीम, एसटी, रामराज्य. गेम कुठाय?

बाकावरचा_खेळाडू

@धूमकेतू, मुद्दा पकडलात. गेम आठवड्यात दोन वेळा दीड-दीड तास, तोही वाचायचा. बाकीचे दिवस रिकामे. आणि ते रिकामे दिवस लोकांनी भरले. मला वाटतं गेम फास्ट असता तर आम्ही एकमेकांशी बोललोच नसतो, पुढची मॅच लावली असती.

आता यू-ट्वेंटीची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल. लांब आहे, चहा घेऊन बसा.

हॅट्रिकमध्ये प्रत्येक देशाची एक नॅशनल टीम आणि एक ज्युनियर टीम असते (तेव्हा यू-२०, म्हणजे वीस वर्षांपर्यंतच्या पोरांची, आता यू-२१). या टीमचा कोच गेमवाले नेमत नाहीत, त्या देशात ज्यांच्या टीम आहेत ते मतदान करून निवडतात. दोन-दोन सीझनची मुदत. निवडणूक म्हणजे खरीखुरी, जाहीरनामा लिहायचा, लोक प्रश्न विचारणार, गेल्या वेळच्या कोचने मिडफिल्डवर पैसे आणि वर्षं वाया घालवली असे आरोप, सगळं. आपल्या ग्रामपंचायतीची आठवण यावी असं. फक्त जेवणावळी नाहीत.

आता गंमत अशी की कोचकडे खेळाडू नसतात. खेळाडू क्लबांकडे. कोच फक्त बोलावतो. म्हणजे चांगली ज्युनियर टीम हवी तर तीन-चार सीझन आधीपासून देशातल्या क्लबांनी मिळून पोरं घडवायला लागतात. आणि वयाचा हिशोब असा की हॅट्रिकमधलं एक वर्ष ११२ दिवसांचं. खेळाडू १७ वर्षं ० दिवसांचा असला तर सोनं, १७ वर्षं ९० दिवसांचा असला तर तीच गुणवत्ता असून बऱ्याचदा उपयोग नाही, कारण वर्ल्डकपच्या शेवटच्या मॅचच्या दिवशी वयाची अट मोडणार. आम्ही अक्षरशः पत्रिका बघायचो. जन्मतारीख, फायनलची तारीख, मधले आठवडे, प्रत्येक आठवड्याला एकच ट्रेनिंग, त्या पोझिशनला ९० मिनिटं खेळलाच पाहिजे नाहीतर तो आठवडा गेला.

आणखी एक. खेळाडू ज्या देशाच्या क्लबात ज्युनियर म्हणून निघाला त्या देशाचा, मग पुढे कोणीही विकत घेवो. आपल्याकडे क्लब कमी, त्यात पैसा कमी, त्यामुळे आपली चांगली पोरं बोलीत इटली-जर्मनीला जायची. मग आमच्यातला एक जण स्काऊट म्हणून त्या परदेशी मॅनेजरला मेसेज करायचा, बाबा रे, हा आमचा मुलगा तुझ्याकडे आहे, याला तू विंगर करतोयस, त्याला प्लेमेकिंगचं (मिडफिल्डचं) ट्रेनिंग दे ना, आम्हाला दोन वर्षांनी लागणार आहे. म्हणजे लेक सासरी दिल्यावर जशी अधूनमधून चौकशी करतो, नीट आहे ना, जेवते ना, तसं. आणि तो परका माणूस, ज्याचा भारताशी काडीचा संबंध नाही, तो ऐकायचा! एक इटालियन होता, त्याने आमच्यासाठी स्वतःच्या क्लबचं ट्रेनिंग बदललं, चार महिने. बदल्यात काय मागितलं, तर म्हणे पोराला कॅप मिळाली, म्हणजे देशाकडून खेळला, की मला कळवा.

तर तो पोरगा. नावं आपोआप तयार होतात, यादीतून पहिलं नाव आणि आडनाव जोडून, त्यामुळे याचं नाव तमिळ आणि आडनाव पंजाबी. आम्ही सगळे त्याला पाजी अण्णा म्हणायचो. पावसात जड मैदानावर टेक्निकल खेळाडू ढेपाळतो आणि पॉवरफुल चालतो हे या गेमचं शास्त्र आहे, आणि पाजी अण्णा होता पॉवरफुल, म्हणून मॅचच्या दिवशी पाऊस पडावा म्हणून आम्ही पुण्यात, दिल्लीत, बंगळुरात बसलेले चाळिशीकडे झुकलेले लोक एका काल्पनिक मैदानावरच्या काल्पनिक ढगाकडे डोळे लावून बसायचो.

हरलो ती मॅच. ऊन पडलं. पण त्या इटालियनला मी कळवलं की तुझ्या पोराने गोल केला. त्याचं उत्तर आलं, फक्त उद्गारचिन्हं, मोजली नाहीत पण दोन ओळी होत्या.

नाना_हडपसर

चहा संपला, दुसरा टाकलाय. ऊन पडलं!! अरेरे.

मडगावकार

बरें आसा मरे हें. मी मडगावचा, हॅट्रिक दोन वर्षं खेळलो. एक सांगू, बॉटचं दुःख करू नका. आमच्या गोव्यात खऱ्या टीम बंद पडल्या. धेंपो पाच वेळा देशाचा चॅम्पियन, २००८ ला एएफसी कपच्या (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) सेमीफायनलपर्यंत गेलेला क्लब, आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या देशाच्या लीगमधून बाहेर पडले. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला ज्यांनी त्यांच्या मॅच बघितल्यात त्यांना विचारा कसं वाटलं ते. धेंपो नंतर खालून वर येत २०२४ ला आय-लीगमध्ये परत आला, पण मधली वर्षं गेलीच. २०२५ ला तर आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) सीझन पण वेळेवर सुरू झाला नाही. कॉम्प्युटरमधली लीग निदान शनिवारी ठरल्याप्रमाणे होते.

उत्तरध्रुव

मडगावकार, हे मार्च २०२० ला जाणवलं होतं. सगळं बंद, जर्मनीची बुंदेसलीगा मेच्या मध्याला सुरू झाली तोपर्यंत युरोपात बेलारूस सोडला तर बघायला धड काही नाही. आणि इकडे हॅट्रिक आपलं चालू, वीकेंडला मॅच, बुधवारी कप. आमच्या सिरीजमध्ये दोन जुने लोक परत आले त्या काळात. एक जण इटलीतल्या बर्गामोजवळचा होता, जिथे तेव्हा कोरोनाचा कहर होता. तो रोज लिहायचा, फुटबॉलबद्दल एक ओळ आणि बाकी सगळं घराबद्दल. आम्ही सात जण त्याला रोज उत्तर द्यायचो. त्या सीझनला कोणी वर गेलं, कोण खाली, मला आठवत नाही.

प्रेसिंग_गेम

मी 'फुटबॉल मॅनेजर' या दुसऱ्या कॉम्प्युटर गेमवाला आहे, त्यामुळे जरा विरोधी पक्ष. तुमचं हॅट्रिक साधं आहे हो. तुमच्या लीगमध्ये मेस्सी नाही, कोल्हापूरचा अनिकेत जाधव नाही, सगळी बनवलेली नावं. आमच्याकडे खरे खेळाडू, खरे क्लब. १९९२ ला कॉलियर भावांनी चॅम्पियनशिप मॅनेजर काढला तेव्हापासूनची परंपरा आहे. आणि समाज म्हणाल तर त्या डेटाबेससाठी जगभर स्वयंसेवक आपापल्या गावचा क्लब बघून खेळाडूंना मार्क देतात, ते काय कमी आहे? लॉकडाऊनमध्ये आम्ही सहा मित्रांनी नेटवर्कवर लीग लावली होती, रोज रात्री दहा ते एक.

बाकावरचा_खेळाडू

मग आता चालू आहे ती लीग?

प्रेसिंग_गेम

नाही. जून २०२० ला एकाने हरल्यावर वायफाय गेलं सांगून सेव्ह परत लोड करायला लावला. भांडण झालं. तो आता ग्रुपमध्ये नाही.

बाकावरचा_खेळाडू

हेच. हॅट्रिकमध्ये परत लोड करायची सोय नाही. हरलास तर हरलास, सगळ्यांनी पाहिलं, आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्यातच बसायचं. चिडायला सहा दिवस मिळतात आणि चौथ्या दिवशी राग जातो.

सतीश_दादर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून कबुली देतो. २००८ मध्ये मी दोन टीम चालवत होतो. एक माझी, एक चुलतभावाच्या नावावर जो तेव्हा पाचवीत होता. भावाच्या टीमने माझा एक लंगडा गोलकीपर भरमसाट किमतीला घेतला. मला वाटलं कोणाला कळतंय. या गेममध्ये जीएम (गेम मास्टर) म्हणून लोक असतात, खेळणारेच, नावाच्या आधी जीएम लागतं, पगार नाही, आणि त्यांचं काम हेच, बाजारात कोण कोणाला पैसे ढकलतंय ते शोधायचं. आठवडाभरात पकडला गेलो, व्यवहार रद्द, दंड, भावाची टीम गेली. बरोबरच होतं.

पण मला लागलं ते वेगळंच. मी जीएमला उर्मट मेल लिहिला होता, तुला काय मिळतं यातून असा. त्याने लिहिलं की मला यातून काही मिळत नाही, पण तुझ्या सिरीजमधले सात जण प्रामाणिकपणे खेळतात, त्यांना काहीतरी मिळायला पाहिजे. तो कुठल्या देशाचा होता तेही कळलं नाही.

चुलतभाऊ आता सीए आहे, ऑडिट करतो. सांगितलं तर हसतो.

तनुजा_ग

सतीशदादा, भाऊ ऑडिटर झाला हे त्या गोलकीपरचंच पुण्य.

धूमकेतू_७

बरं एक खरा प्रश्न, खवचट नाही. जिंकतो कसा माणूस यात? नुसतं नशीब?

उत्तरध्रुव

नशीब आहेच, पण थोडक्यात, मिडफिल्ड ज्याचं जड त्याला चान्स जास्त. मग प्रत्येक चान्सला एकाचं अटॅक आणि दुसऱ्याचं डिफेन्स तोलून गोल होतो की नाही ते ठरतं. काही लोक मुद्दाम मिडफिल्ड हरतात, कारण काउंटर अटॅक फक्त मिडफिल्ड हरल्यावर चालतो. पाच डिफेंडर, त्यांनाही पासिंग चांगलं, आणि बसायचं वाट बघत. दिसायला कुरूप, पण मोठ्या टीमला असं हरवलं की आठवडा छान जातो. शिवाय 'प्ले इट कूल' म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे आज हलक्याने खेळायचं आणि टीमचा जोश पुढच्या मॅचसाठी साठवायचा. समोरचा आज जीव तोडून खेळणार की राखून, हा अंदाज म्हणजे खरा खेळ. त्याच्यासाठी माणूस ओळखावा लागतो. बॉटचा अंदाज काय करणार, तो रोज सारखाच.

ही सगळी गणितं कुठे लिहिलेली नव्हती बरं का, खेळणाऱ्यांनी हजारो मॅचचे आकडे जमवून काढली. हॅट्रिक ऑर्गनायझर म्हणून एक सॉफ्टवेअर आहे, फॉक्सट्रिक म्हणून ब्राउझरला लावायचं एक्स्टेन्शन आहे, दोन्ही लोकांनीच बनवलेली, फुकट. माझ्या ओळखीतला एक मुलगा जावा शिकला तो ऑर्गनायझरचा कोड वाचून.

कोल्लापुरी_ठसका

मंडळी, राहवलं नाही. काल रात्री दुकान बंद करून परत रजिस्टर केलं. जुनी टीम गेलीच होती, नवी मिळाली. १२ हजारांचं स्टेडियम आणि अकरा दळभद्री. एकाचं डिफेंडिंग भक्कम आहे, त्याला कॅप्टन केलाय. नाव अर्थातच तालीम.

@बाकावरचा_खेळाडू, बुधवारी फ्रेंडली टाकू का? कपात असशील तर नको.

बाकावरचा_खेळाडू

कपातून दुसऱ्याच फेरीत बाहेर आहे, काळजी नसावी. टाक. पण मित्रा, माझी टीम २००६ ची आहे, तुझी दोन दिवसांची. रडायचं नाही.

कोल्लापुरी_ठसका

टाकली. कोल्हापूरकर रडत नसतात, पाऊस असतो तो.

नाना_हडपसर

मला ती मॅच बघता येते का हो? म्हणजे वाचता? भावाला फोन करून सांगतो, तोही बघेल.

उत्तरध्रुव

येते नाना. मी पण आहे. इथे दुपार असेल, मीटिंग आहे, लॅपटॉप उघडाच असतो.

कोल्लापुरी_ठसका

(बुधवार रात्र) ५-४!!! तालीम ५, बाकावरचा ४. आर्र्र्र. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला. दुकानात एकटाच ओरडलो, शेजारचा गॅरेजवाला धावत आला.

नाना_हडपसर

हे कसं शक्य आहे? भाऊ म्हणतो अशक्य आहे. तो म्हणतो गोलकीपर बघा.

उत्तरध्रुव

बघितला. बाकावरचे, तुम्ही गोलमध्ये स्ट्रायकर लावलाय. गोलकीपिंग : पत्ताच नाही.

बाकावरचा_खेळाडू

मी नाही. मुलाने लाइनअप लावली. म्हटलं बुधवारची फ्रेंडली आहे, लाव तुला हवी तशी. खेळाडूच्या माहितीत एक ओळ असते ना, हा माणूस स्वभावाने कसा आहे वगैरे, तर तो ती सगळ्यांची वाचत बसला, तास-दीड तास. मग म्हणाला हा भांडखोर आणि बदनाम आहे, याला गोलमध्ये ठेवू, कोणी जवळ येणार नाही.

मॅच दोघांनी बसून वाचली. चौथा गोल खाल्ल्यावर गप्प झाला होता. आता मागे लागलाय की पुढच्या बुधवारी परत त्यांच्याशीच लाव. मी म्हटलं लाइनअप मी लावणार. तो म्हणतो नाही, फक्त गोलकीपर तू ठरव.

@कोल्लापुरी_ठसका, रिकामा आहेस का पुढच्या बुधवारी?

कोल्लापुरी_ठसका

रिकामा आहे. पण कीपर तोच ठेवा म्हणावं पोराला.